एकोणिसांच्या भिंती

सुट्टीच्या दिवशी कारखान्यात जी शांतता उतरते, तिला दादा मनोमन पवित्र मानीत. दाबयंत्रे मौन धरून उभी असतात, तेलाचा वास थंडावून जमिनीलगत बसतो, आणि उंच झरोक्यांतून आलेला प्रकाश कापलेल्या पत्र्याच्या चळतींवरून हळूहळू सरकत राहतो. त्या दुपारी सत्तरी ओलांडलेले दादा स्वतः खुर्च्या पुसत होते. एक स्वतःसाठी, एक धाकट्या भावासाठी, एक मधल्या भावाच्या पत्नीसाठी आणि एक लेकीसाठी. लेक वकील होती, कामगार कायद्याचे काम पाहत असे, आणि सकाळच्या गाडीने एक छापील अर्ज घेऊन आली होती. मधला भाऊ जाऊन अकरा वर्षे झाली होती. दादांची पत्नी त्याच्याही आधी गेली.

निरोप लेकीनेच दोन्हीकडे पोचवले. वास्तविक अंतर होते ते भिंतीएवढे. हाक मारली असती तरी पुरली असती. परंतु या घरात भिंतीपलीकडे हाक मारण्याची सवय मोडून चौतीस वर्षे लोटली होती, आणि मोडलेली सवय पुन्हा जोडायला निमित्त लागते. आज निमित्त होते. दादांना त्या अर्जावर तीन सह्या हव्या होत्या: एक स्वतःची, दोन या दोघांच्या. मुदत संपायला पाच दिवस उरले होते.

ज्या भिंतींविषयी बोलायचे होते त्या कायद्याच्या पोटी जन्मल्या होत्या. बिजागऱ्यांचा हा कारखाना आप्पांनी, म्हणजे दादांच्या दिवंगत वडिलांनी, शून्यातून उभा केला. त्याने बाळसे धरले तोच सरकारने लहान उद्योगांना हात देण्यासाठी एक नियम केला. ज्या कारखान्यात वीसहून कमी माणसे, त्याला वीज स्वस्त, कर हलका, आणि कामगारांच्या निवृत्तिवेतन निधीचे बंधन नाही. हेतू सात्त्विक होता, कोवळ्या रोपाला कुंपण घालावे तसा. पण कुंपणाएवढेच वाढायचे असे रोपानेच ठरवले, तर माळ्याने काय करावे?

आप्पांच्या हाताखाली तेव्हा चोपन्न माणसे होती. त्यांनी एकालाही काढले नाही, एवढे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. त्यांनी त्या लांबलचक गाळ्याला दोन ठिकाणी फळ्यांचे आडोसे घातले, रस्त्याच्या अंगाला तीन दारे पाडली, आणि चोपन्न माणसे तीन मुलांच्या नावांवर अठरा-अठरा अशी वाटून टाकली. पहिल्या गाळ्यात दादा. तिथे पत्रा कापायचा. दुसऱ्यात मधला, तिथे पात्यांच्या कडा वळवून त्यांत सळई ओवायची. तिसऱ्यात धाकटे, तिथे पॉलिश आणि खोकी. आतून दार ठेवणे शक्य नव्हते, कारण दार म्हणजे पुरावा. म्हणून एकाच बिजागरीची पाती हातगाडीत बसून पहिल्या दारातून रस्त्यावर येत, बारा पावले जात, आणि दुसऱ्या दारातून आत शिरत. जाणारे-येणारे हसत. आप्पाही हसत, आणि म्हणत, "कायदा आंधळा नाही रे, त्याला फक्त एकोणीसपर्यंतच मोजता येतं."

मागच्या अंगाचे घरही त्याच मापाने चिरले गेले. विजेचे तीन मीटर, तीन स्वयंपाकघरे, तीन जिने. आणि एकोणीस हा आकडा घराण्याचा नियम होऊन बसला. मागणी वाढली तरी माणूस वाढवायचा नाही. एकदा एका नव्या वसाहतीतल्या झाडून साऱ्या दारांचे काम चालून आले होते. आप्पांनी तो कागद दोन दिवस उशाशी ठेवला आणि परत केला. सलग नोकरी पाच वर्षांवर गेली की लहान कारखान्यावरही काही जबाबदारी येई. म्हणून दर तीन वर्षांनी माणसे एका गाळ्यातून दुसऱ्यात हलवली जात. कागदावर जुनी नोकरी संपे, नवी सुरू होई. मिस्त्रींना, ज्यांच्या हाताखाली या कारखान्यातला प्रत्येक कारागीर तयार झाला, छत्तीस वर्षे झाली होती. ते येत्या शनिवारी निवृत्त होत होते. कागदावर त्यांची नोकरी सव्वा वर्षाची होती.

ठरल्या वेळी धाकटे आले. तिसऱ्या दारातून बाहेर पडून, रस्त्याने चालत, पहिल्या दारातून आत. त्यांच्या मागोमाग मधल्या भावाच्या पत्नी आल्या, ज्यांना घरात आणि कारखान्यातही सगळे काकू म्हणत. दोघांनीही दारात क्षणभर थांबून आत पाहिले. दुसऱ्याच्या घरी जाताना थांबतात तसे. दादांच्या ते लक्षात आले नाही. सगळे एका छताखाली बसलेले पाहून त्यांना भरून आले होते.

लेकीने अर्ज गुडघ्यावर ठेवून सारे नीट सांगितले. नव्या कायद्याने आकड्याची रेघ पुसून टाकली होती. एक कामगार असो की शंभर, निधी सर्वांना. आणि सवलती माणसे मोजून नव्हे, कामाची वाढ पाहून. ज्यांनी पूर्वी एकाचे अनेक कारखाने करून दाखवले, त्यांच्यापुढे आता तीन वाटा होत्या. आहेत तसे तीन राहावे. कुणी काही विचारणार नव्हते. किंवा आजपासून एक व्हावे. किंवा पहिल्यापासून एकच होतो हे कबूल करावे. मग दंड नाही, आणि कामगारांची मागची सगळी नोकरी निधीत धरली जाईल. तिचा अर्धा भार सरकार उचलेल, अर्धा मालकांनी तीन वर्षांत भरायचा. मात्र त्यासाठी तिन्ही मालकांनी एका वाक्याखाली सही करायला हवी.

"कोणतं वाक्य?" धाकट्यांनी विचारले.

लेकीने वाचून दाखवले. "आम्ही कधीही वेगळे नव्हतो."

हे वाक्य ऐकताना दादांनी डोळे मिटले. इतके सोपे, इतके खरे वाक्य एखाद्या सरकारी कागदावर असू शकते याचे त्यांना सकाळपासून नवल वाटत होते.

धाकट्यांच्या मनात मात्र त्या वेळी बत्तीस फूट लांबीचे एक यंत्र होते. ते त्यांनी एका प्रदर्शनात पाहिले होते, आणि नंतर केवळ पाहण्यासाठी चारदा प्रवास केला होता. एका टोकाला पत्रा घालावा, दुसऱ्या टोकाला तयार बिजागरी पडावी. त्यांचा गाळा बावीस फुटांचा. यंत्र आणि त्यांच्यामध्ये दहा फूट होते, आणि त्या दहा फुटांच्या वाटेत भिंत होती. लोक त्यांना हिशेबी म्हणत. ते पूर्ण खरे नव्हते. मुलगा दूरदेशी, बायको तिच्या आजारी आईकडे जाऊन राहिलेली. साठीच्या माणसाला रोज सकाळी उठायला काहीतरी कारण लागते. त्यांचे कारण बत्तीस फुटांचे होते. शिवाय कारखाना वाढला तरच कामगाराचे भले होते, हे त्यांचे मत प्रामाणिक होते. परत पाठवलेला तो वसाहतीचा कागद ते कधीही विसरले नव्हते.

"भिंत पाडायला मी कुदळ घेऊन तयार आहे, दादा," ते म्हणाले. "पण आजपासून एक होऊ. मागचं उकरायचं कशाला? मागचं भरत बसलो तर तीन वर्षं यंत्राचं नाव काढायला नको."

"मिस्त्रींची छत्तीस वर्षं मागचीच आहेत," दादा म्हणाले.

"मिस्त्रींना आपण काहीतरी देऊच की. माणुसकी कुठं पळून गेली नाही."

"काहीतरी म्हणजे काय, काका?" लेकीने शांतपणे विचारले. "भिंतीवरचं घड्याळ? काहीतरी मागायला त्यांना तुमचा चेहरा बघून यावं लागेल. हक्क मागायला चेहरा बघावा लागत नाही."

धाकटे थोडे वरमले, पण हटले नाहीत. माफी हा सापळाही असू शकतो, असे त्यांनी बोलून दाखवले. आज कबूल करून घ्यायचे आणि उद्या मानगूट धरायची. "सरकारनं उदारपणा दाखवला की मी आधी खिसा चाचपतो."

"तुमचा खिसा तुम्हीच इतका चाचपता, भाऊजी," काकू म्हणाल्या, "की सरकारला हात घालायला जागाच उरत नाही."

धाकटे हसले, लेक हसली, आणि दादाही हसले. ते हसणे उंच छपराला लागून परत आले. जुळते आहे, दादांना वाटले. गाठ सुटते आहे. त्यांनी लेकीला खूण केली आणि तिने अर्ज काकूंपुढे धरला.

काकूंनी तो हातात घेतला नाही. "मी सही करणार नाही," त्या म्हणाल्या. "एक होण्याच्या कागदावर तर नाहीच. आजपासून नाही आणि पहिल्यापासूनही नाही. मी आहे तिथं बरी आहे."

त्यांचा स्वर कडू नव्हता. त्यांनी हे उत्तर रात्रीतून शोधले नव्हते. ते अकरा वर्षे त्यांच्याजवळ होते. पती गेले त्याच महिन्यात आप्पांनी सुचवले होते की दुसरा गाळा आता धाकट्याच्या नावावर करावा. बाईमाणूस पत्रा आणि पोलाद काय सांभाळणार. सुचवले आणि मग स्वतःच मागे घेतले, कारण नाव बदलले तर चौकशी येईल, आणि चौकशी आली तर तिन्ही गाळ्यांचे बिंग फुटेल. अशा रीतीने ज्या खुर्चीवर घराण्याने त्यांना कधी बसवले नसते, त्या खुर्चीवर घराण्याच्या खोटेपणाने त्यांना बसवले. त्या शिकल्या. यंत्राच्या आवाजावरून साचा झिजला आहे की पत्रा जाड आला आहे हे त्यांना कळू लागले. अठरा माणसे त्यांच्याकडून सुट्टी मागत, त्यांच्याशी भांडत, त्यांना घाबरत. दुसऱ्या दाराची किल्ली त्यांच्या कमरेला होती. इतरांच्या दृष्टीने जी भिंत नाटकातली होती, तिच्या आत त्यांचे एकुलते एक खरे घर होते.

आणि त्या भिंतीने त्यांच्याकडून जे घेतले होते तेही त्यांना पाठ होते. कारखान्यांची तपासणी करणारा इन्स्पेक्टर एक किडकिडीत, अतिशय सभ्य गृहस्थ होता. मोठी माणसे पढवलेली असतात हे त्याला ठाऊक असल्याने तो मुलांशी बोले. दादांची लेक तेव्हा सहा वर्षांची होती. काकूंना मूल नव्हते. रोज दुपारी ही पोर त्यांच्या मांडीवर झोपे, आणि झोपताना त्यांच्या बांगड्या एकेक करून मोजी. आप्पांनी तिला आठ दिवस शिकवले. इन्स्पेक्टरने काकूंकडे बोट दाखवून विचारले, या कोण गं तुझ्या? पोर अडखळली नाही. "शेजारच्या बाई," ती म्हणाली. इन्स्पेक्टर गेल्यावर आप्पांनी तिला उचलून घेतले, सगळ्यांनी कौतुक केले. दुसऱ्या दिवसापासून तिला दुपारी काकूंकडे पाठवणे बंद झाले. लहान जीभ आहे, चुकून घसरायची.

ती सहा वर्षांची जीभ आज चाळीस वर्षांची झाली होती आणि कायदा समजावून सांगत होती.

"काकू," लेक खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही का नाही म्हणताय ते मला कळतंय. मी तुम्हाला शेजारच्या बाई म्हटलं होतं. मला आठवतं ते."

"तू सहा वर्षांची होतीस. तुझं काही चुकलं नाही." काकूंनी पदराचे टोक सारखे केले. "तुझं चुकलं असतं तर मला बरं वाटलं असतं."

मग दादाच म्हणाले, काहीसे घाईने, की तो इन्स्पेक्टर जाईपर्यंतचा खेळ होता, घरात सगळ्यांना ठाऊक होते. काकूंशी बोलताना ते 'तुम्ही' म्हणत. पूर्वी 'तू' म्हणत असत; परक्या बाईशी बोलावे तसे बोला, असे आप्पांनी बजावल्यावर बदलले, ते तसेच राहिले.

"इन्स्पेक्टर कधी येईल ते कुणाला माहीत होतं, दादा?" काकू म्हणाल्या. "म्हणून खेळ रोज होता. रोज खेळला की त्याला खेळ म्हणत नाहीत."

"पण मनातून..."

"मनातलं मला दिसलं नाही. मला भिंत दिसली. आधी ती फळ्यांची होती. फळ्यांतून तुमच्याकडचा उजेड तरी यायचा. विटांची कुणी केली?"

"आप्पांनी," दादा म्हणाले.

"आप्पा तेव्हा महिनाभर इस्पितळात होते. विटांची गाडी तुम्ही उतरवून घेतलीत."

दादांना गाडी आठवली नाही, वर्ष आठवले नाही. आठवला तो गवंडी, हातात थापी घेऊन उभा, आणि त्याचा प्रश्न: कच्ची करू की पक्की? इन्स्पेक्टरने आदल्या आठवड्यात फळीवर काठी टेकवून म्हटले होते की हा आडोसा एका दुपारीत निघेल. आणि दादांनी गवंड्याला सांगितले होते: पक्की. त्या शब्दाचा स्वतःच्या तोंडातला आवाज त्यांना तीस वर्षांनी ऐकू आला. इतकी वर्षे ती भिंत ते वडिलांची म्हणून सांभाळत आले होते. पत्नी गेल्यावर तर ते मागच्या घरात त्याच भिंतीलगत खाट टाकून झोपत. पलीकडे भांडे पडले, नळ वाजला, काकू खोकल्या, की त्यांना वाटे, आपण एकटे नाही, सगळे इथेच आहोत. पलीकडच्या माणसाला इकडून काही ऐकू जाते की नाही, याचा विचार त्यांनी केला नव्हता. ते स्वतः कधी काही वाजवीत नसत.

"दादा, तुम्ही आजारी होतात ते मला हातगाडीवाल्यानं सांगितलं," धाकटे एकाएकी म्हणाले. ते जमिनीकडे पाहत होते. "गेल्या वर्षी. चार दिवस इस्पितळात होतात. मी आलो तोवर घरी आणलं होतं तुम्हाला. मी दारातूनच परत गेलो. म्हटलं, आता काय बोलायचं."

"आला होतास?"

"आलो होतो."

दादांची नजर अर्जावरच्या त्या वाक्याकडे गेली. मग त्यांनी अर्ज लेकीच्या हातातून घेतला आणि घडी घालू लागले. "राहू दे," ते म्हणाले. "सही नको. मिस्त्री बाहेर बसलेत, निकाल ऐकायला आलेत. मी सांगतो त्यांना."

"काय सांगाल?" काकूंनी विचारले.

"की आम्ही वेगळे आहोत."

काकूंची नजर प्रथमच दाराकडे गेली. पती गेल्यानंतरच्या वर्षी, जेवणाच्या सुट्टीत, सगळे बाहेर असताना, मिस्त्री रोज वीस मिनिटे त्यांना यंत्र शिकवीत. कुणी पाहिले तर बाईंचा अधिकार राहणार नाही, म्हणून ते दुरुस्तीचे सोंग करीत. तेव्हा ते कागदावर दुसऱ्या गाळ्यात चार महिन्यांचे नवे कामगार होते.

"बारा वेळा," काकू म्हणाल्या. कुणाला कळले नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितले. "छत्तीस वर्षांत त्या माणसाला आपण बारा वेळा नवीन केलं. आणि दर वेळी ते नवीन असल्यासारखे आले. मीही दोनदा सही केली त्यावर." त्या धाकट्यांकडे वळल्या. "भाऊजी, आजपासून एक, हे मला चालणार नाही. आजपासून म्हणजे तुमच्या यंत्रापासून. व्हायचंच तर पहिल्या दिवसापासून. त्याखाली मी सही करीन."

धाकट्यांनी तीन वर्षांची आठवण करून दिली.

"चौतीस थांबलात," काकू म्हणाल्या. "यंत्राला तीन वर्षं काही होत नाही. लोखंडच आहे ते. मिस्त्री नाहीत लोखंडाचे."

धाकट्यांसमोर ते बत्तीस फूट हळूहळू मागे सरकले असावेत. शेवटी त्यांनी हात झटकून होकार दिला, आणि तीन वर्षांनी आपण त्रेसष्ट वर्षांचे असू, तेव्हा यंत्र चालवण्याऐवजी ते आपल्यालाच चालवेल, असे काहीसे पुटपुटले.

"पण एक आहे," काकू म्हणाल्या. "त्या कागदावरचं वाक्य खोटं आहे. चांगल्यासाठी असेल, पण खोटं आहे. चौतीस वर्षं वेगळे म्हणून सह्या केल्या, आता वेगळे नव्हतो म्हणून करायची. मी करते. त्याआधी खरं काय ते एकदा या गाळ्यात कुणीतरी म्हणा. कागदावर नको. तोंडानं."

लेक काही बोलू पाहत होती. दादांनी हाताने थांबवले. ते उठून उभे राहिले. एवढ्यासाठी उभे राहण्याची गरज नव्हती, पण बसून बोलणे त्यांना बरे वाटले नाही.

"वेगळे होतो," ते म्हणाले. "फळ्या आप्पांनी लावल्या, विटा मी लावल्या. इन्स्पेक्टर यायचा बंद झाला त्यालाही पंधरा वर्षं झाली. तेव्हा मी एक दार पाडू शकलो असतो. पाडलं नाही. मला वाटत राहिलं की आतून आपण एकच आहोत, आणि तुम्हाला तसं वाटतं का, हे मी एकदाही विचारलं नाही. तुम्ही वेगळ्या होतात. हाही वेगळा होता. आणि मी तर होतोच."

काकूंनी मान हलवली. क्षमा केली असे नव्हे, ऐकले, एवढेच. त्यांनी कमरेच्या पिशवीतून स्वतःचे पेन काढले आणि सही केली. लेकीने पुढे केलेले पेन धाकट्यांनीही घेतले नाही; त्यांच्या खिशात त्यांचे होते. दादांचे त्यांच्या चष्म्याच्या घरात होते. एका वाक्याखाली तीन सह्या झाल्या, एक निळी, एक काळी आणि एक हिरवट, आणि लेकीने कागद वर धरून तो वाळू दिला.

नंतर थोडे व्यवहाराचे बोलणे झाले. गाळ्यांतल्या भिंती पुढच्या आठवड्यात पाडाव्यात. तिन्ही कामांवर देखरेख काकूंची असावी, कारण तिघांत यंत्राचा आवाज त्यांनाच कळतो. हे दादांनी सुचवले आणि धाकट्यांनी, थोडे आश्चर्याने का होईना, मान्य केले. घरातल्या भिंतींचा विषय दादांनीच काढला.

"त्या राहू द्या," काकू म्हणाल्या. "मला आता सवय आहे."

"मलाही," धाकटे म्हणाले.

दादांनी होकार दिला.

सगळे उठले. धाकटे रस्त्याने तिसऱ्या दाराकडे गेले. काकू दारापर्यंत जाऊन थांबल्या आणि मागे न वळता लेकीला म्हणाल्या, "रात्रीची गाडी ना तुझी? अजून वेळ आहे. येतेस का चहाला?"

लेकीने एकदा वडिलांकडे पाहिले. दादांनी जा म्हणून खूण केली. ती जवळजवळ धावतच गेली, आणि बारा पावलांवरच्या दुसऱ्या दारात दोघी दिसेनाशा झाल्या.

मिस्त्री बाहेर पायरीवर बसले होते. दादांना पाहून उठले. सुट्टीचा दिवस असूनही त्यांनी कामाचा सदरा घातला होता. दादांनी त्यांना सांगितले की छत्तीसच्या छत्तीस वर्षे धरली जातील, एकही सुटणार नाही, निवृत्तिवेतन दर महिन्याला येईल आणि त्यासाठी कुणाकडे जावे लागणार नाही. मिस्त्रींनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला, घाम पुसावा तसा. मग त्यांनी कागद पाहायला मागितला. यंत्राचे माप वाचावे तसे, बोट ठेवून, ते एकेक ओळ वाचत गेले, आणि त्या वाक्यावर बोट थांबले.

"असं लिहिलंत," ते म्हणाले.

"लिहावं लागलं."

मिस्त्रींनी सह्या पाहिल्या, दादांच्या मागच्या रिकाम्या गाळ्यात पाहिले. त्यांना बरेच काही कळत असावे. छत्तीस वर्षे हा माणूस तिन्ही दारांतून आत-बाहेर करीत आला होता, आणि घरातले कुणी तिन्ही दारांतून गेलेले नव्हते.

"बरं केलंत, दादा," ते म्हणाले. आजारी माणसाच्या अंथरुणाशी बसून बोलावे, तसा त्यांचा स्वर मऊ होता. "आणि खोटं नाही काही. आडोसे घालायच्या आधी दोन वर्षं मी होतो इथं. मी पाहिलंय तुम्हाला."

"छत्तीसांतली दोन," दादा म्हणाले.

"दोन तर दोन," मिस्त्री म्हणाले, आणि कागद जुन्याच घडीवर नीट दुमडून त्यांनी तो दादांच्या हातात परत दिला.